घाटात सोडण्याआधी, वस्तीवरच्या मांजरांसाठी

प्रति,
शेतवस्ती समिती व समस्त शेजारी मंडळी,
सिमरोलच्या अलीकडे, खंडवा रोड, इंदूर

स. न. वि. वि.

पंपाच्या खोलीवर लावलेली सूचना वाचली. सोयाबीन निघायच्या आत वस्तीवरची सगळी मांजरं पकडून घाटात सोडून यायची, टेम्पोच्या भाड्यासाठी घरटी वर्गणी काढायची, आणि कोणाची हरकत असेल तर ती लेखी द्यायची. माझी हरकत आहे आणि ती मी लेखी देते आहे. फायलीला लागून राहण्यापेक्षा ती प्रत्येक घरात वाचली जावी, म्हणून हे खुलं पत्र.

मागणी एकच आहे. मांजरं घाटात सोडू नका, त्यांची नसबंदी करून घेऊ या. टेम्पो ठरवाच, पण तो घाटाकडे न नेता महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे न्या.

आठवून पाहा, मांजरं इथे आली कशी. शहरातलं रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर सोडून आपण इथे घरं बांधली. पहिल्याच हिवाळ्यात गव्हाच्या पोत्यांना भोकं पडली, पंपाच्या स्टार्टरची वायर उंदरांनी कुरतडली आणि गव्हाला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत मोटार बंद पडली. तेव्हा ‘एखादं मांजर आणा हो’ हे प्रत्येक ओट्यावरून ऐकू येत होतं. गोधडी त्या मागणीवरून आली. तीन रंगांची ठिगळं अंगावर, म्हणून गोधडी. ‘बोका आहे, पिल्लांची भानगड नाही’ असं तिच्याबद्दल देणाऱ्यांनी सांगितलं होतं. पण तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. काळा आणि केशरी दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, आणि ती सहसा मादीलाच असतात. सुभेदार मात्र आपणहून आला. ज्या ऐटीत तो भरदुपारी फाटकातून आत शिरला आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसला, ते पाहून अध्यक्षकाकांनीच त्याला सुभेदार म्हटलं. काजळ ही गोधडीची लेक. बाकीची त्यांचीच पिलावळ, आणि दोन-तीन पलीकडच्या गावातून येऊन-जाऊन असणारी.

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यातल्या बहुतेक प्रसंगांना मी हजर होते.

गणपतीतला प्रसंग सूचनेत पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणून तो आधी घेते. सभागृहात संध्याकाळची आरती चालू होती. गणपतीची संपून शंकराची सुरू झालेली, झांजा अध्यक्षकाकांच्या हातात, तबक धाकट्या वहिनींकडे. गोधडी मागच्या दाराने आली. शेपूट ताठ, तोंडात उंदीर. रांगोळीवर पाय न देता, माणसांच्या पायांमधून वाट काढत ती थेट मखरापुढे गेली, उंदीर खाली ठेवला, दोन पावलं मागे सरून बसली आणि सगळ्यांकडे पाहू लागली. उंदीर जिवंत होता. तो आधी शाडूच्या मूषकामागे दडला, तिथून मोदकांच्या ताटाखाली गेला आणि तिथून सचिववहिनींच्या नऊवारीच्या ओच्यात. वहिनींनी जी उडी मारली ती मी जन्मात विसरणार नाही. तबक तीन हातांतून फिरलं, पण निरांजन विझलं नाही. काकांनी झांजा थांबवल्या नाहीत. आजोबा शेवटपर्यंत डोळे मिटून म्हणत होते, त्यांना काही कळलंच नाही. उंदीर शेवटी तबल्याच्या खोळीत सापडला आणि पोरांनी तो बांधावर नेऊन सोडला.

वहिनींना त्याचा त्रास झाला, हे मला ठाऊक आहे. पण गोधडीने हे का केलं तेही सांगायला हवं. तेव्हा तिची पिल्लं शिकायच्या वयाची होती. मांजर आपल्या पिल्लांना शिकार टप्प्याटप्प्याने शिकवते: आधी मेलेला उंदीर आणून देते, मग अर्धमेला, मग जिवंत. जिथे तिची माणसं जमलेली असतात तिथे ती आपली शिकार घेऊन येते. त्या संध्याकाळी आपण सगळे एकाच खोलीत होतो.

पिल्लांचंही असंच झालं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोधडीने ते आपल्या वस्तीवर करून दाखवलं. पिल्लं झाली उत्सवाच्या सामानाच्या पेटीत, मागच्या वर्षीच्या झालरींवर. पिल्लं पाहायला पोरांची रीघ लागली तशी ती तिथून हलली. मग आमच्या न्हाणीघरातलं सरपण, मग डॉक्टरकाकांच्या ओसरीतली खुरपी-विळ्यांची टोपली, मग पलीकडच्या मावशींच्या धान्याच्या कोठीमागे. मावशींना मांजरांचं वावडं, पण त्या आठवड्यात त्यांनी कोठीच्या खोलीतला पंखाही लावला नाही, वारा लागेल म्हणून. तिथून कुठे कुठे फिरून शेवटचा मुक्काम पडला अध्यक्षकाकांच्या हार्मोनियमवर, खोळीच्या आत. काकांनी महिनाभर रियाज बंद ठेवला. विचारलं तर म्हणायचे, ‘घसा बसलाय.’ ज्या माणसाने हे केलं त्याची सूचनेवर सही पाहून मला वाईट वाटलं, आणि म्हणूनच हे पत्र वाया जाणार नाही असंही वाटतं.

‘पत्र्यावर रात्री धावणे व घबराट पसरवणे’ अशीही एक तक्रार आहे. चोरलच्या जंगलात बिबटे आहेत, रालामंडळच्या अभयारण्यातही आहेत, त्यामुळे रात्री पत्रा वाजला की आपल्या पोटात गोळा येणार हे स्वाभाविक आहे. श्रावणातल्या त्या रात्री सगळी वस्ती काठ्या, बॅटऱ्या आणि ताटं घेऊन बाहेर आली, तेव्हा मीही दाराची कडी दोनदा तपासली होती. गोठ्याच्या पत्र्यावरून घणघण आवाज करत काहीतरी इकडून तिकडे जात होतं, मध्येच आपटत होतं. बॅटरी मारली तर दिसला सुभेदार, मानेपर्यंत दुधाच्या लोटीत. तळाशी राहिलेली साय चाटायला डोकं आत घातलेलं आणि कान मागे अडकलेले. रखवालदाराने त्याला शिडीवरून उतरवलं, मी मानेभोवती तेल चोळलं, डॉक्टरकाकांनी लोटी फिरवत फिरवत काढली. सुटल्याबरोबर तो पळाला नाही. लोटीपाशीच बसून कडेवरची साय चाटत राहिला.

आता घाटाबद्दल. सूचनेत लिहिलंय, ‘कोणत्याही मांजरास इजा न करता सोडण्यात येईल.’ ज्याने हे लिहिलं त्याचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण मांजर माणसाला धरून असतं तितकंच जागेला धरून असतं. नव्या ठिकाणी सोडलेलं मांजर अन्न शोधायच्या आधी घर शोधायला निघतं. घाटातून आपल्याकडे यायचं तर वाटेत खंडवा रोड आहे, रात्रभर चालणारे ट्रक आहेत, ढाब्यांवरची कुत्री आहेत आणि जंगलात बिबट्या आहे. पिल्लं असलेली मादी पकडली गेली तर मागे राहिलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत भुकेने मरतील, आणि ती कोणाच्या माळ्यावर आहेत हेही आपल्याला कळणार नाही. आपल्या आज्या सांगायच्या, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. घाटात सोडणं हे मारणंच आहे, फक्त ते आपल्या डोळ्यांआड होतं. कायदाही तसाच पाहतो: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे.

आणि एवढं करून वस्ती रिकामी राहणार नाही. इथे धान्य आहे, उंदीर आहेत, गोठ्यात ऊब आहे. ही मांजरं गेली की पलीकडच्या गावातली येतील, आणि त्यांना आपल्यातला कोणी ओळखत नसेल. गोधडीला हाक मारली की ती येते. नव्या मांजरांना पकडायचं म्हटलं तरी हाताला लागणार नाहीत.

नसबंदीचं गणित साधं आहे. मांजरीचा गाभणकाळ नऊ आठवड्यांचा. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं, आणि आई पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताला तीन-चार पिल्लं धरली तरी वर्षभरात काय होतं हे आपण पाहिलंच आहे. काजळ स्वतः अजून पोरच असताना आई झाली. माद्यांची शस्त्रक्रिया झाली की हे थांबतं. बोक्यांची झाली की त्यांचं भटकणं, एकमेकांना फाडणं आणि दारांवर, स्कूटरच्या चाकांवर मुतून ठेवणं बरंच कमी होतं. रात्री दोन वाजता लहान पोर टाहो फोडतंय असं वाटायला लावणारी ती भांडणंही. सूचनेतल्या निम्म्या तक्रारी, मी मोजून पाहिल्या, बोक्यांच्या या सवयींबद्दलच्या आहेत.

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं. आपल्या म्हशी अडल्या की आपण तिकडेच धावतो. तिथे बोलून दिवस ठरवायचं काम मी घेते. मांजरं नेण्यासाठी पिंजरे विकत घ्यायची गरज नाही: टोमॅटोच्या दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून तारेने बांधल्या, आत गोणपाट अंथरलं, वरून चादर टाकली की झालं. अंधारात मांजर शांत राहतं. आदल्या रात्री खायला द्यायचं नाही, पण किती तास ते डॉक्टर सांगतील तसं, कारण लहान पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवलेलं चालत नाही. परत आल्यावर माद्यांना आठ-दहा दिवस बंद खोलीत ठेवावं लागेल. आमची मागची खोली त्यासाठी मोकळी करते. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक जरासं कापून घेतात, त्यावरून झालेलं कोण आणि राहिलेलं कोण हे लांबूनही ओळखू येतं. तेव्हाच रेबीजची लस टोचून घेऊ. तीही सगळ्यांना हवी, कारण रेबीज कुत्र्यांपुरता नसतो. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

सोयाबीनचा प्रश्न मोठा आहे, त्याला मी हसून बाजूला सारणार नाही. वाळत घातलेल्या शेंगांवर घाण झाली तर कष्टाचा माल नासतो. मांजराला घाण पुरायला कोरडी, भुसभुशीत जागा हवी असते. ती दुसरीकडे सोयीची मिळाली तर ते ताडपत्रीवर जाणार नाही. गोठ्याच्या मागे, पावसाचं पाणी येत नाही तिथे, एक ट्रॉली वाळूचा चौकोन करू. रोज तो साफ करायची पाळी मांजरं असलेल्या घरांनी लावून घ्यावी, पहिली पाळी माझी. सोयाबीनवर रात्री हिरवी जाळी टाकायची. लसणाच्या वाफ्यांवर कोंब वर येईपर्यंत तुराट्या आडव्या-तिडव्या पसरून ठेवा. टोचणाऱ्या जागी मांजर बसत नाही. आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात हे करून पाहिलं आहे आणि सुभेदाराने तो वाफा सोडला आहे. (तो आता शेवंतीच्या कुंडीत झोपतो. तिथेही तुराट्या लावते आहे.)

ज्या घरात सुनेला दिवस गेले आहेत, तिथली काळजी मला समजते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला धोका करू शकतो. ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणून वाळू रोजच्या रोज साफ झालीच पाहिजे. तिने ते काम करायचं नाही, बागेच्या मातीत हात घालताना हातमोजे घालायचे, भाजी नीट धुवायची. तिच्या माहेरहून आलेलं मांजर तिला सोडावं लागणार नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मी मनातून घाबरले आहे. गेल्या हिवाळ्यात काजळ दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी पायरीवर आली ती डुलत. नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी पाहताच विचारलं, ‘निळ्या वड्या कोणी टाकल्यात का?’ उंदरांसाठीच्या त्या वड्यांत ब्रोमाडायोलोन असतं, ते रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खाऊन तिथेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच मांजराच्या, घुबडाच्या तावडीत सापडतो. व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं, मग कित्येक आठवडे गोळ्या, तेव्हा काजळ वाचली. वड्या कोणी टाकल्या हे मला शोधायचं नाही. पण कोणाकडे काळी पूड असेल, झिंक फॉस्फाईडची, तर ती आधी टाकणं थांबवा. ती पोटात गेली की विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. आपल्या अंगणात रांगणारी पोरं आहेत. उंदरांसाठी धान्य पत्र्याच्या कोठीत भरा, पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा, शेडच्या भिंतीतली भोकं काचांचे तुकडे घालून सिमेंटने बुजवा. एवढं झालं की उरलेलं गोधडी पाहील.

खायला घालणाऱ्यांनाही सांगते, कारण सगळे प्रेमाने घालतात. रविवारच्या बैठकीतले उरलेले, शेव-जिरावण मसाला घातलेले पोहे मांजरांपुढे ठेवू नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेलाही. बशीभर दूधही नको. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. त्यांना जुलाब होतात आणि ते कोणाच्या तरी वाफ्यात होतात. पाणी ठेवा, उन्हाळ्यात दोन जागी. आणि मांजर तापलंय म्हणून माणसाची तापाची गोळी कधीही देऊ नका, पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

पक्ष्यांबद्दल डॉक्टरकाकूंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मधुमालतीवरच्या बुलबुलाच्या घरट्याचं जे झालं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, तर ती मी बांधली, सुटणारा पट्टा लावून, म्हणजे फांदीत अडकलं तरी गळा आवळू नये. पण खरा उपाय वेळेचा आहे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतं. दिवेलागणीला खायला घालून त्यांना आत घ्यायचं आणि उजाडल्यावर, पाखरं खाली उतरून गेल्यावर सोडायचं, असं पाळणाऱ्या प्रत्येक घराने ठरवलं तर पक्षी वाचतील, पत्रे वाजणार नाहीत आणि बिबट्याच्या तोंडी मांजर जाणार नाही. आमच्याकडे हे सुरू झालं आहे. सुभेदार पहिले काही दिवस दारावर टकरा मारत होता, आता दिवेलागणीला स्वतः येऊन चुलीपाशी बसतो.

समितीकडे मागते ते एवढंच: घाटाचा ठराव मागे घ्या, तीच वर्गणी महूच्या टेम्पोला आणि औषधांना वापरा, आणि विषारी वड्या वस्तीवर बंद, असं सूचनेच्या जागी लिहून लावा. माझं नाव पहिल्या वर्गणीत टाका. कॅरेट बांधायला रविवारी पोह्यांनंतर दोघं-तिघं थांबलात तर काम दुपारपर्यंत उरकेल. डॉक्टरकाकांनी यायचं कबूल केलं आहे, पोरं तर येणारच. सचिववहिनी, तुम्हीही या, उंदीर नसेल याची जबाबदारी माझी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
विहिरीजवळच्या घरातली शेजारीण

ता. क. काजळला वाळत घातलेले कपडे घरी आणायची सवय लागली आहे. सध्या माझ्या ओसरीवरच्या टोपलीत एक सोवळ्याचा पंचा, बाळाचं टोपडं, दोन जानवी आणि जोडी नसलेले बरेच मोजे धुऊन ठेवले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत.